हान्यूच्या गावाला

जपानी फिगर स्केटर युझुरू हान्यूचं तिकीट विकत घेता येत नाही, ते लागावं लागतं. कार्यक्रम जाहीर झाला की आधी अर्ज भरायचा, मग सोडत निघते, आणि नाव निघालं तरच पैसे भरायची परवानगी मिळते. जपानमध्ये मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं बहुतेक अशीच जातात. हान्यूच्या बाबतीत मात्र अर्ज आणि खुर्च्या यांचा मेळ कधी बसतच नाही. २६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यानं टोकियो डोममध्ये एकट्याच्या बळावर कार्यक्रम केला. बेसबॉलच्या त्या अवाढव्य मैदानावर बर्फ घालून कुठल्याही स्केटरनं याआधी कार्यक्रम केला नव्हता. ३५,००० माणसं आत होती, आणि ज्यांचं नाव निघालं नाही त्यांच्यासाठी चित्रपटगृहांत थेट प्रक्षेपण ठेवलं होतं.

त्याच्या गावच्या कार्यक्रमासाठी माझा अर्ज भाचीनं भरला. ती टोकियोत निशी-कासाईला राहते. एदोगावा प्रभागातली ही वस्ती भारतीयांची, त्यातही आयटीत काम करणाऱ्यांची. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ मध्ये याच एदोगावाच्या प्रभागसभेवर निवडून आले, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत या वस्तीचं नाव झळकलं होतं. अर्जाला जपानी मोबाइल नंबर लागतो, तिकीटही मोबाइलवरच येतं. त्यामुळे परदेशी चाहत्याचं तिथं कुणीतरी आपलं माणूस असावं लागतं. सोडतीमागून सोडती कोरड्या गेल्या आणि एका संध्याकाळी तिचा फोन आला, “मावशी, पासपोर्ट शोध. मार्चमध्ये निघायचंय.”

पुलगावात ही बातमी माझ्याआधी घरोघरी पोचली. शेजारच्या काकू कुंपणापाशी उभ्या राहून म्हणाल्या, “इतले पैसे घालून बरफावर नाचनारा पोट्टा पाह्याले जापानले चालल्या तुमी? त्याच्यात चारधाम झालं असतं नं, मॅडम!”

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. वर्धा नदीच्या काठचं आमचं गाव, नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग, एकेकाळची कापडगिरणी, आर्वीला जाणारी आता बंद पडलेली छोटी गाडी आणि लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो, एवढ्यावर गावाची ओळख उभी आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. बर्फ आम्हाला माहीत तो रसवंतीतला, पोत्यात गुंडाळून आणलेला, लाकडी दांडक्यानं फोडायचा. शाळेत तीस वर्षांवर भूगोल शिकवला, ध्रुवप्रदेश फळ्यावर किती वेळा काढला त्याची गणती नाही. पण बर्फावर उभं राहिलेलं माणूस मी निवृत्तीनंतरच प्रत्यक्ष पाहिलं.

देशातही या खेळाला जागा थोडीच. सिमल्याची उघड्यावरची रिंक १९२० पासून आहे, पण तिथला बर्फ थंडीच्या मर्जीवर. डेहराडूनची ‘हिमाद्री’ रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली आणि मग पुष्कळ वर्षं बंदच राहिली. आज भारताच्या नावानं आंतरराष्ट्रीय फिगर स्केटिंगमध्ये उतरणारी तारा प्रसाद वाढली अमेरिकेत. नागपूर-अमरावतीकडच्या पोरांना स्केटिंग म्हणजे चाकांचं. तेव्हा विदर्भातल्या बाईनं हान्यूची चाहती होणं हे गावाच्या दृष्टीनं खूळच.

*

हे खूळ २०१८ च्या फेब्रुवारीत लागलं. दक्षिण कोरियात प्याँगचांगचं हिवाळी ऑलिंपिक चालू होतं आणि मुलीनं मोबाइलवर चार-साडेचार मिनिटांची एक चित्रफीत दाखवली. तीन महिन्यांपूर्वी सरावात पडून ज्याचा उजवा घोटा दुखावला होता असा एक सडपातळ मुलगा, अंगात जुन्या जपानी दरबारी वेशाच्या धर्तीचा पोशाख, आणि सुरुवातीलाच हात असा उभारलेला की जणू मंत्र टाकतोय. त्या दिवशी, १७ फेब्रुवारीला, त्यानं सलग दुसरं सुवर्णपदक घेतलं. पुरुष एकेरीत लागोपाठ दोन सुवर्णं याआधी अमेरिकेच्या डिक बटननं घेतली होती, १९४८ आणि १९५२ साली. मधे ६६ वर्षं गेली.

कौतुक वाटलं, पण ते तेवढ्यावर राहिलं असतं. मला त्याच्यापाशी खिळवून ठेवलं ते त्याच्याबद्दल नंतर वाचलेल्या एका दुपारनं. ११ मार्च २०११, दुपारचे २ वाजून ४६ मिनिटं. हान्यू सोळा वर्षांचा, सेंदाई या आपल्या गावातल्या रिंकवर सराव करत होता. ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. बर्फ हादरला, भिंती हलल्या आणि तो पायातले स्केट न काढताच बाहेर पळाला. त्याच्या कुटुंबानं पुढचे काही दिवस निवारा केंद्रात काढले. पाठोपाठ आलेल्या त्सुनामीसह त्या आपत्तीत सुमारे १५,९०० माणसं गेली, अडीच हजारांचा आजही पत्ता नाही. रिंक बंद पडली. सरावाला बर्फ मिळावा म्हणून तो त्या वर्षी गावोगावच्या आइस शोमध्ये स्केटिंग करत फिरला. तीन वर्षांनी, एकोणिसाव्या वर्षी, सोचीत त्यानं पहिलं सुवर्ण जिंकलं. एकेरीत आशियातल्या पुरुषाला मिळालेलं ते पहिलंच.

हे वाचताना मला आमची रात्र आठवली. ३१ मे २०१६, मध्यरात्र उलटून गेलेली. उकाड्यानं आम्ही गच्चीवर झोपलो होतो. आधी प्रकाश आला, मग आवाज आणि मग पलंग सरकला. डेपोच्या दिशेचं आभाळ लाल होतं. आगरगाव, नागझरीकडची माणसं लेकरं आणि गुरं घेऊन रस्त्यावर आली. दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे कर्मचारी त्या आगीत गेले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वर्गात काही मुलं अशी होती, की बाक सरकवला तरी दचकायची. त्यांना काय शिकवायचं ते मला सुचेना. मी त्यांना नकाशे काढायला बसवलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये सोनेगावजवळ निकामी दारूगोळा नष्ट करताना पुन्हा स्फोट झाला, सहा माणसं गेली; पुन्हा तेच दचकणं.

सेंदाईचा भूकंप आणि पुलगावची आग यांची बरोबरी मी करत नाही. प्रमाणच वेगळं. पण पायाखालची जमीन हललेला एक मुलगा परत त्याच बर्फावर कसा उभा राहिला असेल, हे मला त्या वर्गासाठी जाणून घ्यायचं होतं. पदकं हा त्यातला दुय्यम भाग.

*

सेवाग्राम एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून विमानानं टोकियो, आणि टोकियोहून शिंकान्सेननं सेंदाई. ‘हायाबुसा’ गाडी साडेतीनशे किलोमीटर दीड तासात कापते. माझ्या सामानात भाचीसाठी लोणचं होतं आणि अनोळखी माणसांसाठी गोरसपाकाचे पुडे. वर्ध्याच्या गोरस भांडारातलं ते तुपाळ बिस्किट; पाहुणा वर्ध्याहून निघाला की पिशवीत असायचंच. भाचीनं आधीच सांगून ठेवलं होतं, की हान्यूचे चाहते एकमेकांना छोटी भेट देतात, तर रिकाम्या हातानं येऊ नकोस.

सेंदाईला मी एक दिवस आधी पोचले, कारण गाव पाहायचं होतं. इंटरनॅशनल सेंटर नावाच्या मेट्रो स्थानकाबाहेर दोन स्केटरांची स्मारकं आहेत: २००६ च्या तुरीन ऑलिंपिकची विजेती शिझुका अराकावा आणि हान्यू. दोघंही एकाच शहराच्या रिंकवर वाढलेली. दहा लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरानं दोन ऑलिंपिक विजेते दिले हा योगायोग नाही, हे चार पावलं पुढे गेल्यावर कळतं. किल्ल्याच्या पायथ्याशी गोशिकिनुमा नावाचं एक डबकंवजा तळं आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी थंडीत ते गोठलं, की इथले विद्यार्थी परदेशी शिक्षकांकडून त्यावर स्केटिंग शिकत. जपानी फिगर स्केटिंग इथं जन्मलं असं शहर मानतं, तशी खूणही तिथं आहे. आपल्याकडे गावाबाहेरच्या एखाद्या पारावर आखाडा सुरू व्हावा आणि त्यातून पिढ्या निघाव्यात, तसं.

पण परंपरा असली म्हणून बर्फ फुकट मिळत नाही. रिंक चालवायला वीज लागते, आणि सेंदाईची रिंक २००४ च्या सुमारास पैशांअभावी बंद पडली होती. अराकावानं सुवर्ण जिंकल्यावर रिंकसाठी आवाज उठवला, २००७ मध्ये ती पुन्हा उघडली. बंद काळात लहानग्या हान्यूचे सरावाचे तास कमी झाले. मोठा झाल्यावर त्यानं आपल्या आत्मचरित्रपर पुस्तकांचं मानधन याच रिंकला दिलं. चाहत्यांनी ती पुस्तकं घ्यायची, त्या पैशांत बर्फ टिकायचा, आणि त्या बर्फावर पुढची पोरं उभी राहायची. हा व्यवहार मला फार आवडला.

दुपारी आराहामाला गेले. समुद्रापासून जेमतेम सातशे मीटरवर एक चार मजली प्राथमिक शाळा आहे. त्सुनामीचं पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलं. मुलं, शिक्षक, आसपासचे लोक अशी ३२० माणसं गच्चीवर गेली म्हणून वाचली. २०१७ पासून ती इमारत जशी होती तशी लोकांना बघायला खुली आहे. खालच्या वर्गांची छतं लोंबतात, लोखंडी कठडे पाण्यानं वाकवले ते तसेच आहेत. जिमखान्यातलं घड्याळ आत एका काचेमागे ठेवलंय, ३ वाजून ५५ मिनिटांवर बंद पडलेलं. भूकंपापासून पाणी येईपर्यंत मिळालेला वेळ त्यावरून काढता येतो: एक तास नऊ मिनिटं. मी जन्मभर शाळेत काढलेली बाई. आधी काय केलं असेल तिथल्या शिक्षकांनी? हजेरी घेतली असेल? मोठ्यांच्या हातात लहानांचे हात दिले असतील? त्या तासाचा हिशोब मी जिन्यात उभी राहून करत बसले आणि शेवटची बस चुकता चुकता राहिली.

*

कार्यक्रमाचं नाव ‘नोत्ते स्तेल्लाता’, इटालियनमध्ये तारांकित रात्र. भूकंपाच्या रात्री सेंदाईची सगळी वीज गेली होती आणि त्या अंधारात हान्यूला कधी नव्हे इतके तारे दिसले होते; नाव तिथून आलं. २०२३ पासून दर मार्चमध्ये, स्मृतिदिनाच्या आसपास, तो आपल्या प्रांतात हा कार्यक्रम करतो. जागा म्हणजे रिफू गावचं क्रीडासंकुल, सुमारे ७,००० खुर्च्यांचं. सेंदाई स्थानकावरून बस सुटते. २०११ च्या मार्चमध्ये याच इमारतीत मृतदेह आणून ठेवले होते. ओळख पटवायला नातेवाईक इथं यायचे.

मी गेले तो तिसऱ्या वर्षीचा शेवटचा दिवस, ९ मार्च २०२५. बसमध्ये बहुसंख्य बायका, त्यातही माझ्या वयाच्या आणि थोरल्या. कुणाच्या पिशवीला पिवळं अस्वल लटकलेलं. विनी द पू हे हान्यूचं लाडकं खेळणं. तो स्पर्धा खेळायचा तेव्हा त्याचं सादरीकरण संपलं की चहूकडून अशी शेकडो अस्वलं बर्फावर पडत, लहान मुली ती गोळा करत, आणि मग ती मुलांच्या संस्थांना दिली जात. शेजारच्या आजींनी मला एक छोटं पाकीट दिलं. आत स्टिकर, चहाची पुडी आणि हातानं लिहिलेलं कार्ड. मी गोरसपाक पुढे केला. त्यांनी वास घेतला, तुकडा मोडला, मोबाइलमध्ये काहीतरी बोलल्या आणि पडदा माझ्याकडे फिरवला: “लोणी?” मी म्हटलं, तूप. मोबाइलला ते काही केल्या सांगता येईना. शेवटी आम्ही दोघी हसलो आणि पुडा पुढच्या रांगेत गेला.

आत गारवा होता, पण बर्फाच्या घराची कल्पना करून मी घातलेल्या दोन स्वेटरांपैकी एक काढावा लागला. दिवे मावळले. पांढऱ्या पिसांच्या पोशाखात तो आला आणि ज्या गीतावरून कार्यक्रमाला नाव मिळालं त्यानंच सुरुवात केली. चाल मुळात साँ-साँसची, हंसाची.

आता जे सांगायचंय ते पडद्यावर दिसत नाही. टीव्हीचा कॅमेरा स्केटरबरोबर फिरतो, त्याला कायम चौकटीच्या मधोमध ठेवतो. त्यामुळे आपल्याला हात दिसतात, चेहरा दिसतो, उडी दिसते. वेग मात्र कॅमेरा खाऊन टाकतो. आंतरराष्ट्रीय रिंक साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद असते. एवढं अंतर तो चार-सहा पावलांत पार करायचा, आणि पाऊल टाकतोय असंही वाटायचं नाही. स्केटचं पातं चार मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, त्याच्या तळाला बारीक खोबण असते आणि खोबणीच्या दोन बाजूंना दोन धारा. स्केटर कधीच सपाट उभा नसतो. आतल्या किंवा बाहेरच्या धारेवर कललेला असतो. जेवढा कल जास्त तेवढं वळण खोल, आणि पडायची धास्तीही तेवढीच. नवख्याचं पातं करकरतं. हान्यूचं ऐकू यायचं ते वळणावर, आणि तेही कसं, तर ताणून धरलेल्या कापडातून धारदार कात्री सरळ जाते तसं. गिरणीच्या गावची मी, तो आवाज मला लगेच ओळखू आला.

दुसरं म्हणजे उडीआधीची शांतता. सहा प्रकारच्या उड्यांमध्ये अ‍ॅक्सल एकटीच अशी, की जी तोंड पुढे करून घ्यायची आणि पाठ पुढे करून उतरायची. त्यामुळे तिच्यात अर्धा फेरा जास्त. माणूस हवेत असतो पाऊण सेकंदाच्या आत-बाहेर. तेवढ्यात साडेचार फेरे घ्यायचे म्हणजे चौपट अ‍ॅक्सल. हान्यूनं त्या उडीचा वर्षानुवर्षं ध्यास घेतला. कोविडच्या काळात प्रशिक्षक कॅनडात आणि हा सेंदाईत, असा एकटाच रात्री-बेरात्री रिंकवर सराव करायचा. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्यानं ती लावली, फेरा थोडका कमी पडला, तो पडला आणि चौथा आला. जुलैत त्यानं स्पर्धा सोडल्या; सप्टेंबरमध्ये इलिया मालिनिन या अमेरिकन मुलानं ती उडी निर्दोष उतरवली. विक्रमांच्या पुस्तकात मालिनिनचं नाव आहे आणि ते रास्तच आहे. पण त्या हजारो बायाबापड्यांपैकी कुणी पुस्तक बघून आलेलं नव्हतं.

त्या वर्षीचे खास पाहुणे होते नोमुरा मान्साई. क्योगेन या जपानच्या शतकानुशतकांच्या हास्यनाट्यपरंपरेतले मातब्बर नट. २००१ च्या ‘ओन्म्योजी’ चित्रपटात त्यांनी आबे नो सेइमेई या प्राचीन मांत्रिक-ज्योतिषाची भूमिका केली होती. त्याच चित्रपटाच्या संगीतावर हान्यूनं ‘सेइमेई’ हे सादरीकरण बसवलं, आणि मी मोबाइलवर पाहिलेलं प्याँगचांगचं सुवर्ण त्याचंच. ते बसवताना त्यानं २०१५ मध्ये मान्साईंची भेट घेऊन उभं कसं राहायचं, हात कधी थांबवायचा हे विचारलं होतं. दहा वर्षांनी दोघं एका छताखाली: मान्साई मंचावर, हान्यू बर्फावर. नृत्यदिग्दर्शिका शे-लिन बोर्न, जिनं ‘सेइमेई’ रचलं, तीही त्या दिवशी स्केटरांमध्ये होती. हाविएर फर्नांडेझ हा स्पॅनिश स्केटर, टोरांटोत हान्यूबरोबर एकाच प्रशिक्षकाकडे घडलेला आणि स्पर्धेत त्याच्याशी झुंजलेला, तोही होता. गुरू, रचनाकार, प्रतिस्पर्धी, सगळे एका माणसाच्या गावी त्याच्या गावासाठी आलेले.

मान्साईंचं थांबणं मला विसरता येत नाही. त्यांनी हात वर नेला आणि ठेवला, बास. तो हात त्या उंचीवर राहिला तेवढा वेळ बर्फावरच्या वेगवान माणसाला अर्थ आला. आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात मल्लखांब बघताना हेच जाणवतं. १९३६ मध्ये या मंडळाची पोरं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आली, ते कसब काही नुसत्या चढण्या-उतरण्याचं नव्हतं. खांबावर उलटा लटकलेला मुलगा एक क्षण स्थिर होतो तेव्हा खाली टाळी पडते, हलतो तेव्हा नाही. माझी नजर तिथं तयार झाली होती, हे मला रिफूत कळलं.

*

त्या इमारतीत बसून मला अवघडल्यासारखं होईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. ती जागा कुणी लपवली नव्हती, तिचं मंदिरही केलं नव्हतं. तिथं एरवी पोरं बास्केटबॉल खेळतात, मैफली होतात. मोबाइलमधून आजी म्हणाल्या, की त्या दरवर्षी येतात, कारण मार्चमध्ये या बाजूला यायला दुसरं काही आनंदाचं निमित्त नसतं. हान्यूनं दु:खावर काही उपाय सांगितलेला नाही, भाषणंही तो मोजकीच करतो. त्यानं एवढंच केलं, की जे त्याला येतं ते दरवर्षी त्याच ठिकाणी, त्याच दिवसांच्या आसपास, जमेल तितक्या चोखपणे करून दाखवायचं ठरवलं. माझ्या वर्गातल्या त्या मुलांसाठी मी शोधत होते ते उत्तर काहीसं असं असावं: दचकलेल्या मुलाला समजूत घालून भागत नाही, त्याच्या हाताला पुन्हा पुन्हा करण्यासारखं चांगलं काम लागतं. नकाशे काढायला बसवलं ते फार वाईट केलं नव्हतं.

परत आल्यावर काकूंनी खर्च विचारला. मी आकडा सांगितला. त्यांनी डोळे मोठे केले, मग हळूच म्हणाल्या, “मंग दिसला का तो पोट्टा नीट?”

दिसला. बराच लांबून, पण नीट. आणि वाचकांना सांगायचंय ते एवढंच, की आपलं असं जे कुणी असेल, त्याला बघायला लौकर जावं. गवई सत्तरीतही मैफल मारतो, नट साठीत नवी भूमिका घेतो. स्केटरचं, मल्लखांबपटूचं, फलंदाजाचं तसं नसतं. त्याचे गुडघे, घोटे, पाठ ठरलेल्या वर्षांचीच असतात. हान्यू डिसेंबर २०२४ मध्ये तीस वर्षांचा झाला. मोबाइलमध्ये त्याच्या चित्रफिती जन्मभर राहतील, पण त्या पात्याचा आवाज त्यात नाही. चारधाम आहे तिथंच आहे. काकू आणि मी पुढच्या वर्षी जाणार आहोत.